राजा रविवर्मा, मळवलीचा छापखाना आणि आपलं व्हिजिटिंग कार्ड

व्हिजिटिंग कार्ड कसं बनवायचं, असं विचारणारे बरेच मेसेज येतात. कुणी नुकतं फ्रीलान्सिंग सुरू केलेलं असतं, कुणाचं केकचं छोटं काम असतं, कुणी लग्नाचे फोटो काढतं. टेम्प्लेट कुठून घ्यायचं, रंग कोणता, क्यूआर कोड कुठे टाकायचा, हेच प्रश्न असतात. त्यांची उत्तरं या लेखाच्या शेवटी दिली आहेत. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगते, कारण कार्डाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला त्याच्या आयुष्यातून कळली. त्याचं नाव राजा रविवर्मा.

रविवर्माच का? तर मी मावळातली आहे. कामशेतवरून लोकल पकडून कामाला जाते. लोणावळ्याच्या दिशेने निघालं की कामशेतनंतरचं स्टेशन मळवली. एका बाजूला भाज्याची लेणी, दुसऱ्या बाजूला कार्ला आणि एकवीरा आई. पावसाळ्यात लोहगडला जाणाऱ्या मुलांनी हे स्टेशन भरून जातं. याच मळवलीत एके काळी देशातला सगळ्यात नावाजलेला चित्रांचा छापखाना होता, हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. कळलं तेसुद्धा माझं स्वतःचं कार्ड फसल्यावर.

नोकरी सांभाळून मी लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना आणि होमस्टेवाल्यांना वेबसाइट बनवून द्यायचं ठरवलं. पावसाळ्याच्या आधी ५०० कार्डं छापली. मागच्या बाजूला मोठा क्यूआर कोड टाकला. तो एका फुकट सेवेवरून बनवला होता. स्कॅन केला की माझ्या कामाचे नमुने दिसायचे. दोन आठवड्यांनी एका बंगल्याच्या मालकाच्या मुलाने माझ्यासमोरच कोड स्कॅन केला आणि स्क्रीनवर आलं की या कोडची मुदत संपली आहे, पुढे वापरायचा असेल तर पैसे भरा. कार्ड माझं, नाव माझं, छपाईचे पैसे माझे. पण कोड माझा नव्हताच! तोवर जवळजवळ २०० कार्डं वाटून झाली होती.

त्या आठवड्यात मी रविवर्मांबद्दल वाचत होते. वाचता वाचता लक्षात आलं, की माझी फजिती छोटी होती. त्यांच्या बाबतीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं होतं.

किलिमानूरचा मुलगा

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी किलिमानूर इथे झाला. हे गाव तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या केरळात आहे. घराणं मोठं होतं आणि राजघराण्याशी नात्यातलं होतं. लहानपणी मुलगा भिंतींवर चित्रं काढायचा. मामांना स्वतःला चित्रकलेची आवड होती, त्यामुळे मार बसण्याऐवजी शिक्षण मिळालं. चौदाव्या वर्षाच्या आसपास मामा त्याला तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. तिथले महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी त्याला आश्रय दिला.

अडचण होती ती तैलरंगांची. हे माध्यम युरोपातून आलेलं, देशात तेव्हा फार थोड्या लोकांना येत होतं, आणि ज्यांना येत होतं ते शिकवायला तयार नव्हते. दरबारातल्या चित्रकाराने हातचं राखलं. पुढे थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही हात धरून शिकवलं नाही, काम करताना बघू दिलं इतकंच. बाकी सगळं रविवर्मांनी चुका करत, पुसत, पुन्हा रंगवत स्वतःच शिकून घेतलं. आज आपण ट्युटोरियल बघून कोडिंग शिकतो ना, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की त्यांना व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघता येत नव्हता.

१८७३ मध्ये त्यांच्या एका चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. केसांत फुलं माळणारी नायर स्त्री, असं ते चित्र. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्याला बक्षीस मिळालं. तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. कुठे सहीसुद्धा न करता चित्रं काढणाऱ्या कारागिरांच्या देशात, नावाने ओळखला जाणारा चित्रकार तयार होत होता. ते चित्रावर स्वतःची सही करत. आज आपण ज्याला पर्सनल ब्रँड म्हणतो, त्याची सुरुवात इतकी साधी होती. काम चांगलं आणि त्याखाली नाव.

आश्रय गेला, मग रस्ता धरला

१८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले. नवे महाराज विशाखम तिरुनाळ यांच्याशी रविवर्मांचं पटलं नाही. एकच मोठा क्लायंट असलेल्या फ्रीलान्सरचा तो क्लायंट गेला की जी अवस्था होते, तीच त्यांची झाली. त्यांनी त्रावणकोरबाहेर काम शोधायला सुरुवात केली. धाकटा भाऊ सी. राजाराजवर्मा सोबत असायचा. तो स्वतः चित्रकार होता, मोठ्या चित्रांमध्ये मदत करायचा, व्यवहार बघायचा आणि रोजच्या घडामोडींची इंग्रजीत डायरी लिहायचा. या दोघांच्या कामाबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंच त्या डायरीमुळे कळतं.

इथे गोष्टीत एक मराठी माणूस येतो. सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी कुटुंबातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, नंतर बडोद्याचे. त्यांच्यामुळे रविवर्मांचा बडोद्याशी संबंध जुळला. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमारास रविवर्मा बडोद्याला गेले आणि तिथे त्यांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रं केली. पुढे सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर १४ चित्रांचं मोठं काम दिलं. ते १८९० च्या सुमारास पुरं झालं.

या कामासाठी दोघा भावांनी देश पालथा घातला. नळ-दमयंती, शंतनू-गंगा यांना कपडे कोणते घालायचे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. देशभर सगळ्यांना आपला वाटेल असा पोशाख कोणता? शेवटी त्यांनी स्त्रियांना साडी नेसवली. आज आपण लक्ष्मी-सरस्वती डोळ्यांसमोर आणतो, तेव्हा साडी नेसलेलीच दिसते. त्यात रविवर्मांच्या या निर्णयाचा मोठा वाटा आहे. डिझाइनच्या भाषेत सांगायचं, तर त्यांनी युजर रिसर्च केला. घरात बसून कल्पना लढवली नाही, रेल्वेने फिरून लोक पाहिले.

माधवरावांनी आणखी एक सल्ला दिला होता. इतक्या लोकांना चित्रं हवी आहेत, एका माणसाच्या हाताने ती पुरी होणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. रविवर्मांच्या मनात हा सल्ला राहिला. पण त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. युरोपात पाठवण्याऐवजी त्यांनी इथेच छापखाना काढला.

दगडावरची छपाई म्हणजे काय?

१८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाऊ मखनजी हे व्यापारी भागीदार होते. यंत्रं जर्मनीहून आली, ती चालवणारे तंत्रज्ञही जर्मनीहून आले. छापलेल्या सुरुवातीच्या चित्रांपैकी एक शकुंतलेच्या जन्माचं होतं. पाठोपाठ लक्ष्मी, सरस्वती आल्या आणि घराघरांत पोहोचल्या.

महाराष्ट्राला छापील चित्रं नवीन नव्हती. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने १८७८ पासून देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं छापली होती. पण रविवर्मांच्या छापखान्यातली चित्रं वेगळी दिसत. कातडीचा रंग, साडीची चमक, दागिन्यांवरचा उजेड अगदी तैलचित्रासारखा वाटायचा. ते कसं जमायचं, हे समजून घ्या, कारण तुमच्या कार्डाच्या छपाईशी त्याचा थेट संबंध आहे.

या पद्धतीला आपल्याकडे शिळाछाप म्हणत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या जाड फरशीवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. मग फरशी ओली करायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे छपाईची तेलकट शाई फक्त चित्राच्या रेषांना चिकटते, ओल्या भागाला चिकटत नाही. कागद दाबला की चित्र उमटतं.

हे झालं एका रंगाचं. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा. मूळ चित्राकडे बघून, यातला लाल कुठे किती आहे, पिवळा कुठे किती आहे, हे कारागीर डोळ्यांनी वेगळं काढायचे. मग तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जायचा. प्रत्येक वेळी तो अगदी त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर यायचा. शेवटी वार्निश चढवून, कागदाला कॅनव्हाससारखा पोत देऊन त्याला तैलचित्राचं रूप द्यायचे. अशा छापील चित्राला ओलिओग्राफ म्हणतात.

आता आजच्या प्रेसमध्ये या. ऑफसेट छपाईत निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. यालाच सीएमवायके म्हणतात. चार रंगांच्या चार प्लेट. तेल आणि पाण्याचं तत्त्व तेच, दगडाच्या जागी धातूचा पत्रा आला. म्हणजे तुमचं कार्डही चार वेळा छापलं जातं आणि चारही थर एकावर एक नेमके बसावे लागतात. म्हणूनच बारीक अक्षरं चार शाया मिसळून केलेल्या रंगात ठेवू नयेत. एखादा थर किंचित सरकला की फोन नंबरला रंगीत सावली येते. बारीक अक्षरं एकाच शाईत, शक्यतो नुसत्या काळ्या रंगात ठेवा.

मोबाइलच्या स्क्रीनवर रंग शाईने तयार होत नाही, प्रकाशाने तयार होतो. ती आरजीबी पद्धत. म्हणून स्क्रीनवर झगमगणारा पोपटी रंग कागदावर उदास दिसतो. त्यात प्रेसवाल्याची चूक नसते. तो रंग या चार शायांतून निघतच नाही.

मुंबईतून मळवलीला

छापखाना सुरू तर झाला, पण दोन वर्षांत मुंबईत प्लेग आला. १८९६ ची ही साथ भयंकर होती. लोक शहर सोडून पळू लागले. छापखान्यासारखा धंदा, ज्यात रोज शेकडो कागद आणि कितीतरी हात लागतात, तो अशा शहरात चालवणं कठीण झालं. त्यात भागीदारीत कुरबुरी सुरू झाल्या आणि कर्ज वाढत गेलं.

१८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. जागा चांगली निवडली होती असं मला वाटतं. १८६३ पासून बोरघाटातून रेल्वे सुरू होती, त्यामुळे जड यंत्रं, दगड आणि कागद आणणं, छापलेली चित्रं मुंबईला पाठवणं शक्य होतं. हवा मोकळी, मुंबई एका प्रवासाच्या अंतरावर. आज आयटीतले लोक लोणावळ्यात बसून लॅपटॉपवर काम करतात, त्याच्या कितीतरी आधी एका हायटेक धंद्याने साथीमुळे मुंबई सोडून मावळ गाठला होता.

इथे छापलेल्या चित्रांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असायचं. रविवर्मा प्रेस, आणि सोबत कार्ल्याचं किंवा कार्ला-लोणावळ्याचं नाव. म्हणजे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या देवघरात लक्ष्मीच्या पायाशी आपल्या मावळातल्या गावाचं नाव लागलेलं होतं. ती ओळ म्हणजे त्या छापखान्याचं व्हिजिटिंग कार्डच. कोणी केलं, कुठे केलं, एवढंच त्यात.

गंमत म्हणजे ही पद्धत या भागात त्याहून खूप जुनी आहे. मळवलीहून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे २००० वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. दान देणाऱ्यांनी तिथे आपापली नावं कोरून ठेवली. त्यात धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे. नाव, गाव, धंदा आणि काय दिलं ते. आजच्या चांगल्या कार्डावरही याहून जास्त मजकूर लागत नाही.

चित्रांचं काय झालं, हेही सांगायला हवं. त्या काळी कितीतरी जातींच्या लोकांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं. राजवाड्यातली तैलचित्रं तर सामान्य माणसाला दिसायचीच नाहीत. या स्वस्त छापील चित्रांमुळे देव झोपडीपर्यंत पोहोचला. लोकांनी ही चित्रं काचेत बसवली, त्यांच्यावर टिकल्या आणि जर चिकटवली, हार घातले. आपल्या कामाची मूळ प्रत एकाच घरात आणि छापील प्रती हजारो घरांत, असं भाग्य रविवर्मांच्या आधी फार कमी भारतीय चित्रकारांच्या वाट्याला आलं होतं.

नाव राहिलं, हक्क गेला

पण धंद्याचा हिशोब जमला नाही. रविवर्मा चित्रकार होते, सतत कुठल्या ना कुठल्या संस्थानात कामासाठी फिरत असायचे. छापखान्याला रोज लक्ष देणारा माणूस हवा असतो. त्यात इतर छापखाने त्यांच्या चित्रांच्या नकला काढून स्वस्तात विकायचे. लोकांना चित्र हवं होतं, ते कुठल्या दगडावरून आलं हे बघायला कोण थांबतो!

शेवटी १९०१ मध्ये त्यांनी छापखाना विकला. घेणारे होते फ्रिट्झ श्लायशर, छापखान्यातलेच जर्मन तंत्रज्ञ. यंत्रं आणि दगड तर गेलेच, सोबत कितीतरी चित्रांच्या प्रती छापायचे हक्कही गेले.

श्लायशर छपाईतले जाणकार होते. त्यांनी धंद्याला वेगळं वळण दिलं. मोठ्या चित्रांबरोबर जाहिराती, कॅलेंडर, मालावर चिकटवायची लेबलं अशी लहान कामं घेतली. छापखाना सावरला. एम. व्ही. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथे छापली जाऊ लागली. छापखान्याचं नाव मात्र तेच राहिलं. ते बदलण्याचं कारणच नव्हतं, गिऱ्हाईक त्या नावावरच येत होतं.

म्हणजे झालं काय? रविवर्मांनी आयुष्य घालून जे नाव कमावलं, ते आता त्यांनी न काढलेल्या चित्रांखाली, त्यांनी न निवडलेल्या जाहिरातींच्या कडेला छापलं जात होतं. त्यातून येणारा पैसा त्यांच्याकडे जात नव्हता आणि काय छापायचं, हे ठरवणंही त्यांच्या हातात नव्हतं. यात कुणी त्यांना फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःच विकलं होतं. पण आपण नक्की काय विकतो आहोत, याची किंमत विकताना कळतेच असं नाही.

१९०४ मध्ये त्यांना सरकारकडून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी भाऊ राजाराजवर्मा वारले. सोबती, मदतनीस, हिशोबनीस, डायरी लिहिणारा, सगळं एकाच माणसात होतं. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले. वय ५८.

छापखाना मात्र मळवलीत चालू राहिला. ज्याच्या नावाचा, तो गेल्यानंतरही साठ-पासष्ट वर्षं. १९७२ मध्ये मोठी आग लागली आणि छापखाना जळाला. कितीतरी जुन्या प्रती आणि साहित्य त्यात गेलं. आज मळवली स्टेशनवर उतरणाऱ्या दहा ट्रेकर्सना विचारलं तर एखाद्यालाच हे ठाऊक असेल. महिन्याभरापूर्वीपर्यंत मीही उरलेल्या नऊ जणांतलीच होते.

दादासाहेब फाळके यांच्या गोष्टीतही हाच छापखाना येतो. त्यांनी रविवर्मा प्रेससाठी काम केलं, नंतर स्वतःचा छापखाना काढला, नवी यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. भागीदारांशी बिनसलं आणि तेही हातचं गेलं. १९१३ मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र चित्रपट आणला, तो नव्याने सुरुवात करूनच. दोघांचं कौशल्य अव्वल, आणि दोघांचीही अडचण एकच, की काम आपलं पण कारखाना आपल्या हातात राहिला नाही.

मग आपल्या कार्डाचा दगड कुठे आहे?

माझ्या बंद पडलेल्या क्यूआरकडे परत येते. कार्डावरचा कागद, रंग, फॉन्ट हे सगळं दिसणारं चित्र आहे. त्यामागे दगड असतात. डोमेन, ईमेल, फोन नंबर, मूळ डिझाइन फाइल. ते कुणाच्या ताब्यात आहेत, हे आधी बघा. रंग नंतर निवडा.

१. क्यूआर कोड. क्यूआरचे दोन प्रकार. पहिल्यात माहिती कोडमध्येच भरलेली असते. हा कधीच संपत नाही. दुसऱ्यात त्या सेवेची लिंक असते आणि ती पुढे तुमच्या पानावर पाठवते. सेवा बंद, तर कोड बंद. माझा दुसरा होता. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, रविवर्मांच्या छापखान्यानंतर बरोबर १०० वर्षांनी. कंपनीने पेटंट असूनही तो सगळ्यांना मोकळेपणाने वापरू दिला. म्हणजे साधा कोड बनवायला कुणालाच भाडं द्यायची गरज नाही. कोडमध्ये स्वतःच्या डोमेनची लहान लिंक टाका. लिंक लहान, तितके चौकोन कमी आणि स्कॅन सोपं. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडा. छापायला देण्याआधी खऱ्या मापात प्रिंट काढून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, एखादा जुना फोनही घेऊन, तपासा.

२. डोमेन आणि ईमेल. कंपनीचा ईमेल स्वतःच्या कामाच्या कार्डावर टाकू नका. नोकरी सुटली की तो गेला. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या लॉगिनने घ्या. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नको. हे मी स्वतः वेबसाइट बनवणारी असून सांगते आहे.

३. मूळ फाइल. डिझायनरकडून नुसता फोटो घेऊ नका. एडिट करता येणारी मूळ फाइल आणि छपाईची पीडीएफ, दोन्ही मागून घ्या. लोगोचे हक्क तुमच्याकडे आले का, हे मेसेजवर तरी लिहून घ्या. रविवर्मांच्या गोष्टीतला सगळ्यात महागडा भाग हाच होता.

४. माप. आपल्याकडे साधारण ३.५ बाय २ इंचाचं कार्ड चालतं. ३०० डीपीआयला ते १०५० बाय ६०० पिक्सेल होतं. पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवा, कारण कटिंग थोडं इकडेतिकडे होतं. अक्षरं आणि कोड कडेपासून निदान ३ ते ५ मिलिमीटर आत ठेवा.

५. मराठी अक्षरं. नाव मराठीत जरूर टाका. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. आठ पॉइंटच्या खाली जाऊ नका, मात्रा आणि रफार भरून जातात. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात, म्हणून फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या. प्रेसवाल्याने मजकूर पुन्हा टाइप केला असेल तर प्रूफ स्वतः वाचा. फोन नंबर तर मोठ्याने वाचा.

६. मजकूर. नाव, काम, गाव, फोन, एक लिंक. बस. आठ सेवांची यादी आणि पाच सोशल मीडियाचे लोगो टाकले, तर समोरच्याला काहीच लक्षात राहत नाही. कागद ३०० जीएसएमच्या आसपास घ्या. एक बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवली तर त्यावर पेनाने लिहिता येतं. लोणावळ्यात पावसाळ्यात वाटणार असाल, तर मात्र दोन्ही बाजूंना लॅमिनेशन हवंच!

७. आधी १०० छापा. स्वस्त पडतात म्हणून थेट ५०० किंवा १००० नको. माझ्याकडे उरलेली तीनशे कार्डं अजून कपाटात आहेत. मागची बाजू आई किराण्याच्या यादीला वापरते.

नव्या कार्डावर मी माझ्या स्वतःच्या डोमेनचा साधा कोड टाकला. पुढच्या बाजूला माझं नाव, खाली वेबसाइट बनवून मिळेल एवढंच, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव. कामशेत, मावळ. ते गाव टाकायची कल्पना मळवलीच्या छापखान्याकडून उचलली आहे. पहिल्या कार्डावर मी ते टाकलं नव्हतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला छोट्या गावातली मुलगी वाटू नये म्हणून. आता बंगलेवाले फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक गावावरूनच सुरू होतं.

तुमच्या घरात आजी-आजोबांच्या काळचं लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं जुनं छापील चित्र असेल, तर एकदा फ्रेमची खालची कड पुसून बघा. बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेसचं नाव दिसलं, तर ते बहुधा आमच्या मावळातून तुमच्याकडे आलेलं आहे. आणि कार्ड छापायला टाकण्याआधी आपापले दगड मोजून घ्या. भेटूया पुढच्या लेखात!